दोन बाइक्स, एक घाट

पल्सर की ॲव्हेंजर? महिनाभर डोक्यात हाच भुंगा! दोन्ही सेकंडहँड, दोन्ही बजेटमध्ये. २००१ साली आलेल्या पल्सरनं कॉलेजच्या पोरांना वेड लावलं, तर २००५च्या ॲव्हेंजरनं ऐटीत रेलून बसायला शिकवलं. शेवटी ठरवलं, निकाल सिंहगडावर! मागे बसायला बाबा. गुडघे कुरकुरतात, पण गडाचं नाव काढलं की पठ्ठ्या तयार.

पहिल्या रविवारी ॲव्हेंजर. खडकवासल्याच्या पाण्याशेजारून जाताना वाटलं, बस्स, हीच! पाय पुढे, हात सैल, पाठ खूश. पण गोळेवाडीनंतर घाट लागला आणि प्रत्येक वळणावर गाडी जास्त जागा मागू लागली. लांब व्हीलबेस, दुसरं काय!

पुढच्या रविवारी पल्सर. मी मनात म्हणेपर्यंत गाडी वळलेली! गडावर कांदाभजी आणि मडक्यातलं दही चापताना माझा सौदा जवळपास पक्का.

खाली आलो. बाबा उतरले ते माझा खांदा घट्ट धरून. "झकास आहे रे!" म्हणाले, पण ॲव्हेंजरवर ते मागे टेकून निवांत बसले होते, उतरलेही बिनआधाराचे.

घाट महिन्यातून एकदा. बाबांची फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा.

ॲव्हेंजर घेतली. थंड इंजिन सुरू करून पाहिलं, निळा धूर नाही. आरसीवर कर्जाची नोंद नाही. तुम्हीही घेताना एवढं बघाच. आणि हो, टेस्ट राइडला मागे बसणाऱ्यालाही न्या.

वळणांचं काय? हळू घेतो!