जागा बदलणारी गळती

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या गल्लीत बांधलेले शर्यतीच्या मोटारसायकलचे इंजिन तिथे दिवसभर चालवूनही कोरडे राहते आणि इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर तेल गाळते, यात गूढ काही नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तिथली हवा विरळ असते, तर १९९० मध्ये मद्रास मोटर रेस ट्रॅक या नावाने सुरू झालेला इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक चेन्नईजवळच्या सखल मुलखात आहे. तिथल्या दाट हवेत सिलिंडरचा भरणा वाढतो, ज्वलनाचा दाब वाढतो, आणि पिस्टनच्या रिंगांना चुकवून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू, ज्याला ब्लो-बाय म्हणतात, तोही वाढतो.

खरी अडचण मात्र तेल कुठून निघाले हे ओळखण्याची आहे. वेगात वारा तेलाला मागे ओढतो, त्यामुळे हेडच्या पॅकिंगमधून सुटलेला थेंब पुढच्या स्प्रॉकेटपाशी दिसतो, तिथे चेनच्या वंगणात मिसळतो आणि शाफ्टच्या निर्दोष ऑइल सीलवर आळ येतो. सील बदलले की गळती थांबल्यासारखी वाटते आणि पुढच्या सरावात ती मॅग्नेटोच्या झाकणाखाली उगवते. एकाच जागी टिकणारी गळती बहुधा पृष्ठभागाची असते आणि ती सपाट काच व फीलर गेजने पकडता येते. जागा बदलणारी गळती दाबाची असते, आणि तिथे प्रत्येक नवे पॅकिंग दाबाला पुढच्या दुबळ्या सांध्याकडे ढकलण्यापलीकडे काही करत नाही.

या दाबाला वाट देणारी नळी म्हणजे ब्रीदर. जुन्या बुलेटसारख्या ३४६ सीसीच्या एकसिलिंडरी इंजिनात पिस्टन खाली येताना तेवढीच हवा क्रँककेसमध्ये दाबतो, म्हणून ब्रीदरची वाट मोकळी असणे पॅकिंगच्या दर्जापेक्षा महत्त्वाचे ठरते. ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून ब्रीदरची नळी एका डबीत, म्हणजे कॅच टँकमध्ये, सोडावी लागते. ती नळी अरुंद असली, पेट्रोलच्या टाकीखाली दुमडली, किंवा डबीलाच हवा जायला भोक नसले, तर गळती रोखण्यासाठी बसवलेली डबीच गळतीचे कारण होते. डबी नळीसकट काढून घेतलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही.

अशा इंजिनावर सिलिकॉनचे थर चढवून देणारी दुकानेही असतात, आणि ते काम निंद्यच म्हटले पाहिजे. सांध्यातून आत सुटलेला सिलिकॉनचा तुकडा तेलाच्या जाळीत अडकला की बेअरिंग जळते.

गळती शोधताना वासावरून इंजिनचे तेल आणि फोर्कचे तेल वेगळे सांगता येणे हा जुन्या कारागिराचा मोठा अभिमान असतो, आणि नाकाची जाण बोथट होऊ लागली तरी तो सुटत नाही. हाताखालचा मुलगा तेलात चमकणारा रंग मिसळून जांभळ्या दिव्याखाली गळतीची वाट शोधतो, तेव्हा त्या अभिमानाला धक्का बसतो हे खरे. पण पूर्ण शर्यतीनंतर तो दिवाही सगळे इंजिन उजळलेलेच दाखवतो. इंजिन रॉकेलने धुऊन, सुकवून, त्यावर टाल्कम पावडर उडवून आणि एकच फेरी मारून थांबले, तरच दिव्याचा आणि नजरेचा निकाल एक येतो.

म्हणून स्वाराने गॅरेजात येताना डाग कुठे आहे एवढेच सांगू नये. तेल कोणत्या फेरीनंतर दिसले, त्या वेळी इंजिन किती फिरत होते आणि डबी किती भरली होती, हेही लिहून आणावे.