चौथ्या मालकाचे मत

अर्थशास्त्राच्या सरांनी यंदा आमच्या वर्गाला एक प्रकल्प दिला : 'कोणतीही एक टिकाऊ वस्तू निवडा, ती वापरणाऱ्यांची मते घ्या आणि त्यांवरून उपभोक्त्याच्या समाधानाविषयी निष्कर्ष काढा.' निम्म्या मुलांनी मोबाईल निवडला, उरलेल्यांनी मोटारसायकल. मी निवडला एक जुना सीडी प्लेअर. यात रसिकतेचा भाग काही नव्हता. मोटारसायकल आमच्या घरी नाही, आणि हा प्लेअर मात्र रोज संध्याकाळी फळीवरून माझ्याकडे बघत असायचा.

फळी कुठली, ते सांगायला हवे. कॉलेज सुटल्यावर मी इचलकरंजीतल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसतो. अण्णा यंत्रमागावर काम करतात, आई कांड्या भरते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा वह्या-पुस्तकांचा खर्च तरी आपला आपण भागवावा म्हणून हा उद्योग. दुकानाच्या मालकांना सगळे 'चाचा' म्हणतात. चाचांची एक जुनी सवय आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली ते एक चिठ्ठी चिकटवतात : तारीख आणि तक्रार. त्या प्लेअरच्या पोटाखाली अशा तीन चिठ्ठ्या होत्या, आणि तिन्ही वेळा मालक निराळा होता.

"गावभर कशाला हिंडतोस? एकाच डब्याचे तीन मालक आहेत, तिघंबी गावातच आहेत. त्यांनाच विचार," चाचा म्हणाले. माझा प्रकल्प ठरला.

चाचांनी झाकण उघडून मला आधी यंत्र शिकवले. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ही पद्धत ठरवली, आणि सोनीने पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीला आणला. किंमत १,६८,००० येन. म्हणजे तेव्हा ते श्रीमंतांचेच खेळणे. पुढे दहा-पंधरा वर्षांत किंमती उतरल्या आणि मध्यमवर्गीय शौकिनाला परवडेल असे 'हाय-फाय' प्लेअर निघू लागले. आमचा डबा त्यांतला. ग्रामोफोनची सुई तबकडीच्या कडेकडून आत येते; इथे लेसरचा किरण आतून बाहेर जातो. तबकडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला पोचेपर्यंत २०० वर येते. आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा केलेली असते. त्यामुळे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा, म्हणजे माणसाच्या कानाला अगदी लहान वयात जितका उंच ऐकू येतो तितका, आवाज त्यात मावतो. आणि तबकडीला काहीच घासत नसल्यामुळे खरखर नाही.

"खरी गंमत ती आहे," चाचा म्हणाले. "गाणं नसतं तेव्हा हे यंत्र गप्प बसतं. कॅसेटला ते कधी जमलं नाही."

मी प्रश्नावली तयार केली. किंमत, स्पष्टता, मजबुती, रूप आणि शांतता. प्रत्येकाला दहापैकी गुण. शांततेचा प्रश्न अर्थातच चाचांच्या आग्रहामुळे.

पहिले मालक एक निवृत्त प्राध्यापक. १९९७ साली त्यांनी हा प्लेअर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून साडेतेरा हजारांना आणला. "पहिल्या दिवशी तंबोऱ्याची जवारी ऐकली आणि वाटलं, आपण आजवर कानात बोळे घालून गाणं ऐकत होतो," ते म्हणाले. गायक तानेआधी श्वास घेतो तोही ऐकू येई. परंतु दहा-बारा वर्षांनी यंत्र मंदावले, वरचे स्वर बोथट झाले. माल हलका वापरला असावा, असे त्यांचे मत. २००९ मध्ये त्यांनी ते विकले. स्पष्टतेला सहा, शांततेला नऊ.

हे चाचांना सांगताच ते पोट धरधरून हसले. त्यांनी खणातून एक तपासणीची सीडी काढली. तिच्यात गाणी नाहीत, नुसते चढत जाणारे स्वर. १,००० कंपने, ४,०००, ८,०००, १२,०००, १६,०००. मला शेवटचाही ऐकू आला, डास कानाशी यावा तसा. चाचा मात्र ८,००० नंतर म्हणाले, "थांबली का रे?" सीडी चालूच होती.

"बघ," ते म्हणाले, "डबा मंदावला नाही. सर साठीचे झाले."

दुसरे मालक सायझिंगवाले. चार हजारांना घेतलेल्या त्या यंत्राबद्दल त्यांचे मत एका वाक्यात संपले : "त्याला धडधडच नाही!" ना रंगीत दिवे, ना छातीत घुमणारा आवाज. पाहुणे आले तर दाखवायचे काय? गोदामात टाकून दिला. रूपाला एक गुण, स्पष्टतेला चार. पण प्रामाणिक माणूस, शांततेला आठ गुण देऊन म्हणाले, "गप्प बसायला मात्र पटाईत. चालू आहे का बंद, तेच कळायचं नाही."

तिसऱ्या मालकीण गाण्याच्या क्लासच्या बाई. यांच्याकडे मी जरा दबकतच गेलो. आमच्या गावाला यंत्रमागाचे गाव म्हणून सगळे ओळखतात. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला माग बसवला. पण ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू पंडित बाळकृष्णबुवा हेही इचलकरंजीकरच, ही गोष्ट मला त्या बाईंच्या भिंतीवरच्या तसबिरीने सांगितली. बाईंनी हा प्लेअर २०१६ मध्ये दीड हजारांना घेतला होता. त्यांचे मत सर्वांत निराळे. "हा खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला की कॅसेटचा वेग बदले आणि गायकाचा षड्ज हलके हलके उतरे. मुली पेटीबरोबर मेळ घालू जात आणि रडकुंडीला येत. सीडी प्लेअरमध्ये वेळ राखते ते क्वार्ट्झचे स्फटिक, मोटार नव्हे. त्यामुळे सूर जागचा हलत नाही. तक्रार एवढीच, की ओरखडे पडलेली तबकडी त्याला खपत नाही. शांततेला पूर्ण दहा. "पाच हजारांना मिळाला असता तरी घेतला असता," असेही त्या म्हणाल्या. मी मनातल्या मनात मार्शलसाहेबांना नमस्कार केला : द्यायची तयारी पाच हजारांची, दिले दीड हजार, उपभोक्त्याचे संतोषाधिक्य साडेतीन हजार! पुस्तकातली व्याख्या प्रथमच चालती-बोलती भेटली.

आता बाई मोबाईलवर तंबोरा लावतात. तबकडीचा ट्रे उघडेनासा झाला म्हणून त्यांनी प्लेअर दुकानात टाकला आणि परत नेलाच नाही. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, एवढेच. मी नवा पट्टा बसवला, भिंग पुसले आणि बाईंना विचारून सहाशे रुपयांना तो घेतला. चाचांनी जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर वापरायला दिले. भंगारवाल्याकडून दहा रुपयांत पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची सीडी मिळाली.

इथपर्यंत प्रकल्प छान चालला होता. तिघांचे एकाही बाबतीत एकमत नव्हते, फक्त शांततेच्या बाबतीत होते. निष्कर्ष तयारच होता.

अण्णांना सुट्टी होती त्या दिवशी मी प्लेअर लावला. अण्णांशी बोलायचे म्हणजे आमच्या घरात ओरडूनच बोलावे लागते. मागावरच्या माणसांना तशी सवयच असते, असे आम्ही धरून चाललो होतो. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी धावत येऊन सांगितले, "अण्णा, पास झालो!" तर ते घाबरून म्हणाले, "पाय? काय झालं पायाला?" ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना रंगवून सांगत असू, आणि अण्णाही हसत.

अभंग सुरू झाला. अण्णा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले. एक संपला. दुसरा सुरू व्हायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून हाताने खूण केली, 'लाव, लाव.' प्रत्येक अभंगाच्या शेवटी तेच. सीडी संपल्यावर मी वही काढली. "अण्णा, आता तुम्ही चौथे मालक. गुण द्या."

किंमतीला त्यांनी पाच दिले. सहाशे रुपयांत आठवड्याचा बाजार आला असता म्हणाले. आवाजाला दहा. रूपाला दहा. मग मी विचारले, "आणि शांततेला?"

"शून्य लिव."

मला वाटले, त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. मी पुन्हा ओरडलो. ते म्हणाले, "ऐकलं की. शून्य लिव. गाणं हाय तवर माग बंद असतोय. गाणं थांबलं की लगीच माग चालू हुतोय."

"कुठला माग?"

अण्णांनी बोट कानाला लावले. "हितला."

"कधीपासून?"

"तू सातवीत हुतास."

"मग बोलला का नाही कधी?"

"बोलून? सुट्टी मिळती व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांची तपासणीची सीडी घरी आणली. १,००० च्या स्वराला अण्णांनी मान हलवली. ४,००० चा स्वर लावला. ते माझ्याकडे वाट पाहिल्यासारखे बघत राहिले. मी आवाज वाढवला. धाकटी बहीण आतून कानांवर हात ठेवून बाहेर आली, "दादा, बंद कर!" अण्णा अजून वाट बघत होते.

पुढे कोल्हापूरला नेऊन त्यांचे कान तपासले. कागदावर एक रेघ काढून दिली. ती सरळ जात जात ४,००० पाशी खड्ड्यात उतरली होती. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान आधी तिथेच जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. स, श, त, फ ही अक्षरे त्याच वरच्या पट्टीत असतात. म्हणजे 'पास' मधला 'स' त्या दिवशी अण्णांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही हसत होतो ते त्याला. ग्रंथालयात बसून मी वाचून काढले : कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातलेली होती. मागांच्या शेडमधला आवाज त्याच्या पुढे जातो, अण्णांची पाळी बारा तासांची असते, आणि ते सोळाव्या वर्षापासून, म्हणजे गेली तीस वर्षे, मागावर आहेत. गुणाकार तुम्हीच करा. मी केला आणि वही मिटली.

प्रकल्पात शांततेची सरासरी काढायची होती. नऊ, आठ, दहा आणि शून्य, भागिले चार. उत्तर आले ६.७५. सरांनी प्रकल्प आवडल्याचे सांगितले आणि आपुलकीने सुचवले, की शून्य हा अपवाद धरून वगळला असता तर निष्कर्ष अधिक नेटका झाला असता. सरांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पण ६.७५ हे मत चौघांपैकी कुणाचेच नाही, आणि ज्याच्या जोरावर मी सरासरी काढायला शिकलो त्यालाच वगळून निष्कर्ष काढणे मला जमले नाही. मी शून्य तसाच ठेवला. खाली एक ओळ लिहिली : 'चौथे मालक यंत्रमाग कामगार आहेत. त्यांच्याजवळ शांतता नसल्यामुळे त्यांना ती मोजता आली नाही.'

गाण्याच्या बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी कपाटातून एक सीडी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. तिच्यात तासभर नुसता तंबोरा आहे, मध्ये कुठेही खंड नाही. रात्री दहाला मी ती बारीक आवाजात लावतो. अण्णा कुशीवर वळतात आणि तास पुरा व्हायच्या आत झोपलेले असतात. मी शेजारी बसून अभ्यास करतो.

कानात घालायचे फोमचे बोळेही आणून दिले आहेत. अण्णांना ते पटत नाहीत. धागा तुटला, धोटा अडला, तर ते आधी कानालाच कळते, असे त्यांचे म्हणणे. तीस वर्षांच्या कारागिराला मी काय सांगणार? तरी रोज सकाळी ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवतो, आणि संध्याकाळी काढून बघतो. मळलेले असले तर घातले होते असे समजायचे. गेल्या आठवड्यात ते दोनदा मळले होते.