भद्रावतीची यात्रा, कोळशाच्या वाटेने



गेल्या माघात सासूबाई, मी आणि गाडी चालवायला पुतण्या असे तिघे पारोळ्याहून भद्रावतीला जाऊन आलो. तेव्हापासून बऱ्याच जणी विचारतात की रस्ता कसा आहे, खाण्याचे काय केले, सोबत काय न्यावे. म्हणून सगळे एकदाच लिहिते.

भद्रावती चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि वणीपासून पुढे सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. रेल्वेनेही जाता येते, पण गाडीने गेल्यास वाटेत शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ होतात. भद्रावतीच्या मूर्तीचे स्वप्न शिरपूरच्याच व्यवस्थापकांना पडले, असे सांगतात. म्हणून तर तिथल्या केसरिया पार्श्वनाथांना स्वप्नदेव म्हणतात. सासूबाईंना दोन्ही तीर्थे एकाच यात्रेत करायची होती.

पहिल्या दिवशी जळगाव, मलकापूर, खामगाव, अकोला आणि मालेगाववरून शिरपूर, साधारण ३०० किलोमीटर. मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी कारंजा, दारव्हा, यवतमाळ, मारेगाव, वणी, वरोरा आणि भद्रावती. हाही दिवस जवळपास तेवढाच लांब, म्हणून नवकारशी होताच निघा. दोन्ही तीर्थांवर धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत, पण आधी फोन करून माणसे किती ते कळवा. वाटेतल्या ढाब्यांवर कांदा-लसणाशिवाय काही मिळेल याचा भरवसा नाही. खाखरे, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी आणि उकळलेले पाणी घरूनच घ्या.

चौविहार करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पारोळ्याचा वेळेचा तक्ता तिकडे चालत नाही. आपण पूर्वेकडे जातो, त्यामुळे सूर्य शिरपूरला सुमारे ७ मिनिटे आणि भद्रावतीला सुमारे १६ मिनिटे आधी मावळतो. उगवतोही तेवढाच आधी. पहिल्या संध्याकाळी सासूबाई घरच्या तक्त्यावर बोट ठेवून बसल्या होत्या. भोजनशाळेतल्या ताईंनी सांगितले तेव्हा त्यांनी आधी पाणी घेतले आणि मग पंचांग मागवले.

वणी-वरोरा रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागे एक असतात. ताडपत्री असली तरी भुकटी उडतेच. काचा बंद ठेवा, ट्रकच्या अगदी मागे राहू नका, थांबायचेच झाले तर रस्त्याच्या कडेला नको, पेट्रोल पंपावर थांबा. पूजेची वस्त्रे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बॅगेच्या तळाशी ठेवा. अंधार पडल्यावर गाडी चालवूच नका. ट्रकची भीती आहेच, आणि दिव्यांवर झेपावून काचेवर मरणारे जीवही आहेत. खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही. सुरुंगाच्या वेळी लाल झेंडा दाखवून रस्ता थांबवतात, तेव्हा घाई करू नका.

वणीजवळ एका चहावाल्या बाईकडे आम्ही हात धुवायला थांबलो. ती सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसत होती. म्हणाली, "आमच्या इकडं पांढरं लुगडं टिकत नाही, बाई." सासूबाई पांढऱ्याच साडीत होत्या. त्यांनी पदर झटकला आणि बराच वेळ गप्प राहिल्या.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आपण प्रतिक्रमणात इंगाल कर्म, फोडी कर्म म्हणतो. मी आजवर ते दुसऱ्यांचे धंदे समजत होते." पंधरा कर्मादानांत कोळशाचा धंदा आहे आणि जमीन फोडण्याचाही आहे. आपल्या घरात तो कुणी करत नाही. पण पहिल्या दिवशी भुसावळजवळ दीपनगरच्या चिमण्या आपण पाहतोच, त्यांना लागणारा कोळसा अशाच कुठल्या तरी खाणीतून निघतो. आपला मिक्सर, गिझर, रात्रभर जळणारा ओट्यावरचा दिवा त्यावरच चालतो. मला उत्तर सुचले नाही. खाणीत राबणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळ्या होत नाही, एवढे मात्र कळले. वीज तर सोडता येत नाही. सासूबाईंनी तीर्थावरच नियम घेतला की कामाशिवाय दिवा-पंखा चालू ठेवायचा नाही. घरी आल्यापासून त्या पाळतात आणि आम्हालाही पाळायला लावतात.

वरोऱ्याला इंग्रजांच्या काळात कोळशाची खाण होती, ती १९०६ मध्ये बंद पडली. आता त्याच गावाजवळ बाबा आमटेंचे आनंदवन आहे. वेळ असेल तर नक्की थांबा.

कधी जावे? दिवाळीनंतर ते माघापर्यंत. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. पावसाळ्यात वर्धेला पूर आला की वणी-वरोरा रस्ता बंद पडतो, आणि चातुर्मासात आपण तसेही लांबचा प्रवास टाळतोच. पोष दशमीला, म्हणजे मराठी पंचांगातल्या मार्गशीर्ष वद्य दशमीला, दोन्हीकडे गर्दी असते. त्या दिवसांत जायचे तर खोली आधीच सांगून ठेवा, आणि निघण्यापूर्वी भद्रावतीच्या सूर्यास्ताची वेळ कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा.