'पी' म्हणजे पाषाण

क्लच या वस्तूशी माझं आयुष्यात कधी जमलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी शेवटच्या दिवशी मला हात जोडले, ते नमस्कारासाठी नव्हेत. म्हणून बँकेचं कर्ज काढून (स्टाफला व्याज कमी असलं, तरी कर्ज ते कर्जच!) मी सेकंडहँड गाडी घेतली ती ऑटोमॅटिक. क्लच नाही, या एकाच गुणावर पसंत केली.

आमचे अण्णा एस.टी.त बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. वरंधा, कुंभार्ली, आंबा हे घाट त्यांना तळहातासारखे पाठ. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आत बसले, गिअरच्या दांड्याशेजारची अक्षरं वाचली आणि म्हणाले, "पी?"

"हो अण्णा, पी."

"आमच्या वेळी याच्यासाठी सस्पेंड करायचे."

मग मी कॉमर्स ग्रॅज्युएटला शोभेल अशा आत्मविश्वासानं त्यांना यंत्रशास्त्र समजावून सांगितलं. 'पी' म्हणजे पार्किंग. दांडा 'पी'वर सरकवला की गिअरबॉक्सच्या आत एका दातेरी चाकात एक खुंटी पडते आणि गाडी जागच्या जागी अडकते. 2014 साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे जी एएमटी आली, तिच्यात हा 'पी' नसतो बरं का. तिथं गाडी गिअरमध्येच ठेवून बंद करायची. आपली गाडी त्याहून वरच्या जातीची!

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दांडा इथं, खुंटी तिथं, आणि मधे एक केबल. केबलच्या भरवशावर माणसं सोडू नयेत. आधी हँडब्रेक ओढायचा, मग तुझा तो पी, आणि चाकामागं दगड."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठूनसा एक दगड पैदा केला. आमच्या सोसायटीत गाडी उभी राहते ती उतारावर. शेजारच्यांच्या चकचकीत गाड्या, आणि आमच्या चाकाखाली पाटा-वरवंट्याचा चुलतभाऊ! सेक्रेटरींनी एकदा विचारलं, "हा धोंडा कुणाचा हो?" मी म्हणालो, "कल्पना नाही." हँडब्रेकही मी ओढत नसे. 'पी' असताना हँडब्रेक ओढणं म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट असताना बरणीत पैसे लपवणं, असं माझं मत होतं.

आणि दुसऱ्या शनिवारी ते घडलं. मंडईतून आलो. गाडी उतारावर चढवली, ब्रेकवर पाय ठेवून दांडा 'पी'कडं ढकलला, इंजिन बंद केलं. किल्ली निघेना. शेवटपर्यंत फिरेचना. गेले तीन दिवस ती असंच अधूनमधून करत होती, आणि मी चावीवाल्याकडून कुलपात तेल सोडून घेतलं होतं. दांडा 'पी'त बसल्याशिवाय किल्ली बाहेर येत नाही, अशी त्या गाडीत सोयच केलेली असते, हे मला नंतर कळलं. ती बिचारी तीन दिवस ओरडून सांगत होती आणि मी तिच्या तोंडात तेल ओतत होतो!

बायको केव्हाच उतरून डिकीतून भाजी काढत होती. अण्णा नेहमीप्रमाणे मागच्या चाकाशी वाकले होते. "राहू दे गेली किल्ली," असं म्हणून मी ब्रेकवरचा पाय काढला.

गाडी मागं निघाली.

चांगली वीतभर गेली. मग 'कर्र' असा आवाज झाला आणि थांबली. आरशात मला बायको दिसली. हातात मेथीची जुडी, आणि चेहरा त्या जुडीहून हिरवा. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक इतक्या जोरानं ओढला की तो हातात यायचा बाकी राहिला. उतरलो तेव्हा माझे पाय लटपटत होते. कुणीच काही बोललं नाही. भाजी मी उचलली.

गॅरेजवाल्यानं फोनवरच निदान केलं. केबल, केबलच्या टोकाचा बुश, नाहीतर गिअरबॉक्सच उतरवायचा. आकडा ऐकून मी खुर्चीवर बसलो.

अण्णा मात्र गाडीत जाऊन बसले. ब्रेकवर पाय ठेवून दांडा पुढंमागं करत राहिले; बघत नव्हते, ऐकत होते. "शेवटी 'टक्' व्हायचं, ते होत नाहीये," ते म्हणाले. "काहीतरी आड येतंय. सूनबाई, विणायची सुई आणा."

टॉर्चच्या उजेडात दांड्याच्या खाचेत काहीतरी चमकलं. दहा मिनिटांच्या सुईकामानंतर बाहेर आलं पाचाचं जुनं, जाडजूड नाणं! पार्किंगवाल्यानं परत दिलेलं, मीच दांड्याशेजारच्या खोबणीत टाकलेलं. वीस वर्षं कॅश सांभाळतो आहे, लाखांचा ताळा जुळवतो, आणि हे पाच रुपये कमी असल्याचा मला पत्ता नव्हता.

अण्णांनी दांडा सरकवला. टक्! किल्ली लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. नाणं त्यांनी रुमालाला पुसून स्वतःच्या खिशात टाकलं. "मजुरी," ते म्हणाले.

संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा भेटले. "हा धोंडा उचलायला सांगितलाय मी वॉचमनला."

"हात लावू नका," मी म्हणालो. "आमचा आहे तो."