बांधीतली बेडकं

तिरोडा,
ऑगस्टचा शेवटचा आठवडा

प्रिय चिमे,

रोवणी आटोपली. कंबर अजून सरळ होत नाही, म्हणून बसल्या बसल्या तुला पत्र. हल्ली रात्री नऊला टॉर्च घेऊन मी धुऱ्यावर जाते. बेडकं मोजायला. हस बाई, घरचेही हसतात.

लहानपणी कडुलिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून आपण धोंडी काढायचो, आठवतं? पाऊस त्याच्याकडून हवा, पण त्याचा जीव घाबरा होतोय याची कुणाला पर्वा!

झालं असं, की बोडीच्या तळ्यावर बेडकांचा रात्रभर कल्ला आणि शंभर पावलांवर आमच्या धानाच्या बांधीत चिडीचूप. त्या बांधीत रोवणीनंतर तणनाशक पडलं होतं. टाकायला मीच सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू! निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. शिवाय आपल्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरतं, म्हणजे माझं औषध खालच्या धुऱ्यावाल्याच्याही वाट्याला.

बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने शोषतो. श्वाससुद्धा थोडाफार कातडीतूनच. अंड्यांना कवच नाही. पाण्यात जे येईल ते थेट अंगात. भैकेरांची, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांची, शेपूट जाऊन पाय फुटायला थायरॉइडचं संप्रेरक लागतं. त्यात कशाने ढवळाढवळ झाली की पाय उशिरा येतात, आणि तोवर बांधी आटून जाते.

तुझ्या शेजारच्या बर्कलीतले संशोधक टायरोन हेज यांनी २००२ मध्ये दाखवलं, की अब्ज भाग पाण्यात अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचा एक दशांश भाग असला, तरी नर बेडकांच्या पोटात मादीचे अवयव दिसू लागतात. २०१० च्या प्रयोगात, अडीच भागांच्या पाण्यात वाढवलेल्या नरांपैकी दहा टक्के चक्क माद्या झाले, अंडीही घातली. औषध बनवणाऱ्या कंपनीला हे मान्य नाही, तो वाद मोठा आहे.

अ‍ॅट्राझिन मक्याचं. आपल्या धानाला ओळख फोरेटची, गादमाशीवरच्या दाणेदार औषधाची. २०२० संपताना ते देशात बंद झालं. त्या जातीची औषधं बेडकाच्या नसांतलं जे विकर अडवतात, तेच माणसाच्याही नसांत असतं. २०१७ चं यवतमाळ आठव. फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथल्या नाल्यातली बेडकं आधी गप्प झाली होती का, असं मला राहून राहून वाटतं.

आता तू म्हणशील, गप्प बेडूक म्हणजे विषच कशावरून? बरोबर आहे. पाऊस दडी मारतो, साप येतो, थंडी पडली तरी आवाज बसतो. म्हणून वहीत पाऊस, बांधीतलं पाणी, औषधाची तारीख आणि आवाज असे चार रकाने पाडलेत. दिवसा भैकेरं ओंजळीत धरून बघते, शेपूट वाकडी आहे का, पोहताना गिरकी घेतात का. मेलेल्या बेडकापेक्षा हे जास्त बोलतं, कारण मेलेला बगळा उचलून नेतो. एका बांधीवरून, एका हंगामावरून काही सिद्ध होत नाही, पण शेजारच्या दोन घरांनीही वह्या घातल्यात. सासूबाई तर आवाजावरून जाती सांगतात, पुस्तकातली नावं मात्र मला शोधावी लागतात.

पुढच्या खरिपात एक बांधी तणनाशकाशिवाय ठेवणार आहे. निंदायला मी आणि सासूबाई, अजून एक बाई कमी पडते. ऑगस्टात सुट्टी काढ.

तुझीच,
माई