‘करेल’ आणि ‘केलेले’



व्यावहारिक मराठीच्या घटकात तक्रार-अर्जाचा नमुना तुम्ही वाचला असेल. ‘प्रति’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंतचा तो सांगाडा उपयुक्त आहे, पाठ करून ठेवावा. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्या भाषेत तक्रार लिहायची, त्याच भाषेत मूळ व्यवहार झाला आहे, असे तो नमुना मानून चालतो. जळगाव-धुळ्याकडे हे गृहीतक पुष्कळदा टिकत नाही. त्याचा अनुभव मला एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने आला.

खानदेशच्या माणसाला सुरत परकी वाटत नाही. आपली तापी पुढे तिकडेच जाते, ताप्ती व्हॅलीची रेल्वे अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत तिकडेच पोहोचते आणि उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून अहिराणी सहज कानी पडते. कायद्याच्या दृष्टीने मात्र नवापूर ओलांडले की राज्य बदलते. गाडीची पाटी जीजे-०५ होते, परिवहन कार्यालय बदलते, ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि तक्रार करायची वेळ आली तर विक्रेता दुसऱ्या राज्यात बसलेला असतो.

माझे थोरले मावसभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, धुळ्याला राहतात. एस.टी.तून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी २०२३च्या उन्हाळ्यात सुरतेच्या एका विक्रेत्याकडून सात वर्षे वापरलेली गाडी ३ लाख ६० हजार रुपयांना घेतली. वहिनींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी नाशिकच्या फेऱ्या सुरू होत्या, म्हणून ही खरेदी. विक्रेता मूळचा साक्रीकडचा. त्याने अहिराणीत बोलायला सुरुवात केली आणि निम्मा सौदा तिथेच पटला. ‘आपला माणूस’ हे विशेषण आपल्याकडे हमीपत्रासारखे चालते.

नानांनी विचारायचे ते विचारले होते. ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हापासून तिकडची जुनी गाडी घेताना ‘पाण्यात गेलेली नाही ना?’ हा प्रश्न आमच्याकडे ठरलेला असतो. विक्रेत्याने उत्तर मोबाइलवर, ध्वनिमुद्रित निरोपाच्या रूपाने पाठवले: “गाडी पानीमा गयेल नही. इंजिननं काम करेल शे.” सही मात्र घेतली ती इंग्रजीत छापलेल्या करारावर. गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर विकली आहे, असे त्यात म्हटले होते.

तिसऱ्याच आठवड्यात राहुड घाटात इंजिन तापून गाडी बंद पडली. धुळ्याच्या मेकॅनिकने पायाखालचे कार्पेट उचलले तर खाली वाळलेला गाळ होता. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर. इंजिन खोलल्याची खूणही दिसेना. नानांनी त्याच दिवशी फोटो काढले आणि मेकॅनिककडून लेखी अहवाल घेतला. चाळीस वर्षे तिकिटांचा हिशेब दिलेला माणूस कागदाला पक्का असतो.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आता बराच सोपा झाला आहे. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार साधारणपणे विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तेथे दाखल करावी लागे. म्हणजे प्रत्येक तारखेला सुरत गाठणे आले. २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येऊ लागली. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील असलाच पाहिजे असेही नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवा की विकणारा व्यापारी नसून शेजारीपाजारी असेल, तर ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडत नाही. मग दिवाणी न्यायालय. नानांची तक्रार धुळ्याला दाखल झाली आणि सुरतेच्या विक्रेत्याला नोटीस गेली.

आता आपल्या अभ्यासाचा भाग. तक्रारीचा मसुदा वकिलांच्या कार्यालयात तयार झाला. टंकलेखन करणारे गृहस्थ नगरकडचे. ध्वनिमुद्रित निरोप ऐकून त्यांनी लिहिले: ‘इंजिनचे काम करेल असे सामनेवाले यांनी सांगितले.’ ऐकलेले शब्द त्यांनी शुद्ध करून मांडले, आणि नेमके तिथे वाक्य उलटले. प्रमाण मराठीत ‘करेल’ हे भविष्यकाळाचे रूप. अहिराणीत मात्र -एल हा प्रत्यय पूर्ण झालेली क्रिया सांगतो. ‘गयेल’ म्हणजे गेलेले, ‘आयेल’ म्हणजे आलेले आणि ‘करेल शे’ म्हणजे केलेले आहे. ‘शे’ गळाला आणि झालेले काम व्हायचे राहिले.

विक्रेत्याच्या लेखी म्हणण्यात याचा पुरेपूर फायदा घेतला होता. काम करून देण्याची आमची तयारी होती, तक्रारदाराने गाडी सुरतेला आणलीच नाही, सबब आमच्याकडून त्रुटी झालेली नाही, असा त्याचा आशय. पाहा, फरक केवढा पडला! ‘काम केलेले आहे’ हे खोटे निघाले तर ते मालाविषयीचे खोटे विधान ठरते. त्याला कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. ‘काम करीन’ हे न पाळलेले आश्वासन, आणि न पाळण्याचे खापर ग्राहकाच्याच डोक्यावर फोडता येते. सारी रक्कम एका प्रत्ययावर अडली होती.

नानांनी मला बोलावले ते या टप्प्यावर. मी दोन पानांचे शपथपत्र लिहून दिले. -एल प्रत्ययाची उदाहरणे दिली, निरोपाचे शब्दशः लिप्यंतर आणि शेजारी प्रमाण मराठी भाषांतर ठेवले. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खानदेशी बोलीचे स्वतंत्र वर्णन आहे, याचाही उल्लेख केला. प्रतिपक्षाचा आक्षेप होता की ही तर अशुद्ध मराठी, तिचा अर्थ लावायचा कसा? (हा प्रश्न साक्रीच्या माणसाच्या वतीने विचारला जावा, याची मला गंमत वाटली.) बोलीलाही नियम असतात, हे आपण पहिल्या वर्षात शिकतो, ते शपथेवर सांगण्याची संधी माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात एकदाच आली. मूळ निरोप नानांनी पुसला नव्हता, हे फार बरे झाले. अशा पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावे लागते, पूर्वीच्या पुरावा कायद्यातले कलम ६५ब आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातले कलम ६३, ते वकिलांनी वेळेत जोडले.

आपल्या भागातली मुले आता परदेशात जाऊनही जुन्या गाड्या घेतात. इंग्लंडमध्ये २०१५च्या कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी, जुनी असली तरी, ३० दिवसांत परत करता येते. मला अधिक मोलाचा वाटतो तो अमेरिकेतला एक नियम. तेथे व्यापाऱ्याला विक्रीच्या प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर एक पत्रक लावावे लागते. हमी आहे की गाडी जशी आहे तशी विकली जात आहे, हे त्यावर लिहिलेले असते. आणि सौद्याची बोलणी स्पॅनिशमध्ये झाली, तर ते पत्रकही स्पॅनिशमध्येच द्यावे लागते. बोलणी ज्या भाषेत, कागद त्या भाषेत! आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणीचे नियम आले, ते चांगलेच आहेत. पण अहिराणीत पटलेल्या सौद्याचा करार इंग्रजीत का, हे अद्याप कोणी विचारत नाही. माझ्या मते विचारायला हवे.

नानांचे प्रकरण दीड वर्षाने मध्यस्थीत मिटले. विक्रेत्याने दुरुस्तीचे १ लाख ४० हजार आणि वर खर्चापोटी १५ हजार द्यायचे ठरले. गाडी नानांकडेच राहिली. रक्कम मला कमी वाटली, नानांना तर फारच कमी. पण वहिनींच्या तारखा जवळ आल्या होत्या आणि गाडी दारात उभी ठेवून निकालाची वाट पाहणे परवडणारे नव्हते. तडजोडीच्या मसुद्यात नानांनी एक वाक्य मात्र हट्टाने घालून घेतले. सामनेवाले यांनी ‘इंजिननं काम करेल शे’, म्हणजे इंजिनचे काम केलेले आहे, असे सांगितले होते, ही नोंद दोन्ही भाषांत झाल्याशिवाय ते सही करायला तयार नव्हते.