विहिरीतलं गवत

आमच्या कोकणातल्या घराची विहीर जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली. रहाटाशी उभं राहून खाली वाकलं की पाण्याच्या आधी ते दिसायचं. चिऱ्यांच्या फटींतून बाहेर आलेली, दोन्ही बाजूंनी दाते असलेल्या फणीसारखी, लांब हिरवी पानं. पोहरा त्यांना घासत वर यायचा आणि पाण्यावर एखादी तुटकी पाती तरंगत असायची. आजी ती बोटाने उडवून टाकायची. मी नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कसलं त्याला? विहिरीतलं गवत ते." आमच्या परसात अळवापासून अबोलीपर्यंत प्रत्येकाला नाव होतं आणि कामही होतं. याला फूल नाही, फळ नाही, देवाला चालत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. दर वैशाखात विहीर उपसायला गडी उतरायचे, ते गाळाबरोबर हेही कोयत्याने खरवडून काढायचे. गणपतीला आम्ही पुन्हा जायचो तेव्हा भिंत होती तशी हिरवी.

नववीत 'टेरिडोफायटा' आलं. नेचे, उदाहरणार्थ नेफ्रोलेपिस. मी आकृती काढली, भागांना नावं दिली, गुण मिळवले. आजीचं गवत आणि ही आकृती एकच असू शकेल, असं डोक्यातही आलं नाही. (नेचा म्हणजे हुक्क्याची नळीसुद्धा. हे तेव्हा कळलं असतं तर वर्गात जास्त लक्ष दिलं असतं.) पुढे लग्नात हातात आलेल्या प्रत्येक पुष्पगुच्छात ग्लॅडिओलसच्या मागे हीच पानं उभी होती. फोटोत आहेत, आठवणीत नाहीत.

मग पुण्यात तळमजल्यावरचं घर घेतलं. स्वयंपाकघराची खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये चार फुटांची बोळ, तीही उत्तरेची. तिथे मोगरा लावला, तो कळी न धरता नुसता उंच झाला. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागले. तुळस दोनदा गेली. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, सावलीत बोस्टन फर्न लावा, मरता मरणार नाही." दीडशे रुपये. घरी येऊन वाचलं, तर बोस्टन फर्न म्हणजे 1894 साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या रोपांमध्ये एकाची पानं वेगळीच, झुकलेली निघाली, त्याचा वंश. म्हणजे बोळात अमेरिकेची पाहुणी आली होती, आणि मी तिची सरबराई सुरू केली.

त्या सरबराईनेच ती आजारी पडली. रोज पाणी, वर खत. पानं पिवळी पडली. मग सावकाश शिकले. माती चिकट नको. पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, थोडं कोकोपीट, तळाला विटेचे तुकडे. माती ओलसर हवी, पण चिखल नको. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी पात्यांची टोकं करपतात, म्हणून पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवायचं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची कोरडी हवा सोसत नाही, तेव्हा कुंडीभोवती ओलं गोणपाट. जुनं पान टोकाशी नाही, बुडाशी कापायचं. एवढं केलं की मधोमध नवी पानं येतात, चकलीसारखी घट्ट वळलेली. ती चकली उलगडताना बघणं हा माझा सकाळच्या चहाचा उद्योग झाला.

एकदा सासूबाईंनी पान उलटून पाहिलं. "अगं, कीड लागलीय याला!" मागे तपकिरी ठिपके. मी कडुलिंबाचं तेल आणि फडकं घेऊन बसले. निम्मी पानं पुसून झाल्यावर लक्षात आलं, की ठिपके प्रत्येक पातीवर शिरेच्या दोन्ही अंगांना ओळीने बसले आहेत. कीड इतकी शिस्तीत बसत नाही. नववीची आकृती तेव्हा कुठे उघडली: हे बीजाणुधानींचे पुंजके! त्यातली धूळ ओल्या जागी पडली की नखाहून लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. त्यावर नरपेशी आणि स्त्रीपेशी तयार होतात, आणि नरपेशीला पाण्याच्या थरातून पोहतच पलीकडे जावं लागतं. पाणी नाही तर लग्न नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे निम्मी पोरं पुसून टाकलीस की गं."

त्यानंतरच्या एका मे महिन्यात तीन आठवडे गावी राहिले. पाणी घालायला सांगितलेल्याला जमलं नाही. परत आले तर कुंडीत नुसता पेंढा. टाकून द्यायला म्हणून उलटी केली, तर मुळांच्या दोऱ्यांना आवळ्याहून लहान, लवदार गोल गाठी लटकलेल्या. एक चिरडली, बोटं ओली झाली. पुन्हा वाचायला बसले. बोस्टन फर्नला अशा गाठी नसतात. त्या त्याच्या भावकीतल्या नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियाला असतात, जो आपल्याकडच्या डोंगरांत आपोआप उगवतो. पाहुणी इथलीच निघाली. नर्सरीवाल्यावर रागवायला हवं होतं, पण हसूच आलं. गाठी पुन्हा मातीत घातल्या. पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच चकल्या वर.

त्या वर्षी गणपतीला गेले ती थेट विहिरीवर. आजी आता नाही. रहाटही गेला, पंप आहे, वर लोखंडी जाळी. काठाच्या फटीतला एक गड्डा उपटला, झटकला. त्याच गाठी. काकीला दाखवल्या, दीडशे रुपयांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे पैसे विहिरीत गेले म्हण ना!"

यंदा वैशाखात तिचाच फोन आला. "उद्या विहीर उपसायला गडी येतायत. ते तुझं गवत राखायला सांगू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं, "काढू देत. गणपतीला येतेच आहे मी."